फर्स्ट टर्मरने कुणाचं नाव घ्यावं?

शंकेखोर: एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, विषय निघाला की लोक परीक्षेबद्दल बोलतात, एसएसबीबद्दल बोलतात, दीक्षान्त संचलनाच्या फोटोंबद्दल बोलतात. मी एका कागदापासून सुरुवात करतो. मुलगा खडकवासल्याला रुजू होण्याआधी त्याच्या आईवडिलांना एक दाखला सही करून द्यावा लागतो. प्रशिक्षणात किंवा प्रशिक्षणामुळे मुलाला इजा झाली तर सरकारकडे भरपाई मागण्याचा आपल्याला हक्क नाही, हे आपल्याला समजलं आहे, असं त्यात कबूल करायचं असतं. सोबत एक बाँड. मुलाने आपल्या मर्जीने मधेच सोडलं, तर तोवर त्याच्यावर झालेला खर्च परत करायचा. मुलाचं वय किती? साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे काही जणांना अजून मतदानाचाही हक्क नाही. मी कॉलेजात याच वयाच्या मुलांना शिकवतो. त्यांना सहलीला न्यायचं तरी मला पालकांचं पत्र फाइलला लावावं लागतं. आणि इथे पहिल्या दिवशी केस जातात, दुसऱ्या दिवशी झोप जाते, मनात येईल तेव्हा आईला फोन करणं जातं, एकट्याने चालण्याची सोयसुद्धा जाते. या वयात, असल्या कागदावर मिळालेल्या संमतीला संमती म्हणायचं का, एवढंच मला विचारायचंय.

कैवारी: कागद खरा आहे आणि त्याची भाषा कोरडी आहे, हेही खरं. पण त्या मुलाची संमती त्या सहीत नसते, ती त्याच्या आधीच्या वर्षांत असते. लाखोंनी मुलं यूपीएससीची ही परीक्षा देतात आणि एका परीक्षेतून एनडीएच्या ३७० च्या आसपास जागा भरतात. लेखी निघाली की एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्यांचे, पाच दिवस. त्यातल्या पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त मुलांना परतीची गाडी धरावी लागू शकते. मग वैद्यकीय तपासणी. कुणी साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये लहानपणापासून याच एका गोष्टीसाठी राहिलेला असतो, कुणी संभाजीनगरच्या एसपीआय या पूर्वतयारी संस्थेत दोन वर्षं पहाटे उठून पळालेला असतो. अशा मुलाला ‘तुला काय कळतंय’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

आणि जे काढून घेतलं जातं त्याचा हेतू बघा. १९४९ मध्ये डेहराडूनजवळ क्लेमेंट टाउनला भूदल, नौदल आणि हवाई दलाची मुलं एकत्र शिकायला लागली, १९५४-५५ मध्ये ती खडकवासल्याला आली. कल्पना अशी की, पुढे कुणी रणगाड्यावर जाईल, कुणी जहाजावर, कुणी विमानात. पण त्याआधी तिघांनी एकाच स्क्वाड्रनमध्ये, एकाच रांगेत उभं राहावं. पहिल्या आठवड्यात मणिपूरच्या खेड्यातला, दिल्लीच्या महागड्या शाळेतला आणि आपल्या जतचा मुलगा सारखेच बावळट दिसतात. कुणाचं इंग्रजी चांगलं, कुणाचे वडील कर्नल, कुणाची जमीन किती, हे सगळं तिथे बिनकामाचं ठरतं. आयुष्यात असा आठवडा दुसरीकडे कुठे मिळतो?

शंकेखोर: बावळट दिसून समता येते, हे मी नव्यानेच ऐकतोय.

कैवारी: हसा. पण एक बूट घेऊन बसा, मग सांगतो. ड्रिलचा नवा बूट मंद काळा असतो. टोकावर पॉलिशचा पातळ थर द्यायचा, कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळायचा आणि बोटाभोवती गुंडाळून लहान लहान गोल फिरवायचे. वाळू द्यायचं, पुन्हा थर. पॉलिश जास्त झालं की भेगा जातात, पाणी जास्त झालं की ढग येतात. दोन-तीन रात्री हे केल्यावर टोकात खोलीतली ट्यूबलाइट दिसायला लागते. दुसऱ्या दिवशी ड्रिल स्क्वेअरवर शेजाऱ्याची टाच नेमकी त्याच टोकावर पडते आणि सगळं पहिल्यापासून. इथे कर्नलच्या मुलाचाही थर तडकतो. आणि रात्री शेजारच्या खोलीतला, ज्याला हे जमतं, तो न बोलता येऊन तुमचा एक बूट हातात घेतो. त्याला तुमचं आडनाव तेवढं माहीत असतं. मैत्री तिथे सुरू होते, आणि ती चाळीस-चाळीस वर्षं टिकलेली मी पाहिली आहे.

शंकेखोर: बुटाला माझा विरोध नाहीच. तबला शिकणारा मुलगाही वर्षभर तेच बोल घोटतो. ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास होईपर्यंत पुण्याची वाट विसरायची, यालाही नाही. आम्हीही हजेरी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाही. माझा विरोध दिवे मालवल्यानंतर जे चालतं त्याला आहे. पट्टी परेड घ्या. कॉरिडॉरमध्ये रांग लावायची. अमुक मिनिटांत पीटीचे कपडे घालून या. आले, की ड्रिलचा गणवेश. आले, की मुफ्ती, म्हणजे नागरी कपडे. शेवटी येणाऱ्याला फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या. खोलीत कपड्यांचा ढीग पडतो, आणि नेमकी सकाळी खोलीची तपासणी असते. हे घेणारा कोण? त्याच इमारतीत राहणारा, दीड-दोन वर्षांनी मोठा मुलगा. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. माझ्या कॉलेजच्या वसतिगृहात तिसऱ्या वर्षाच्या मुलाने पहिल्या वर्षाच्या मुलाला रात्री असं लोळवलं, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अकादम्यांच्या नियमांतही रॅगिंगला बंदीच आहे. म्हणजे जे नियमांत नाही, ते परंपरेत आहे, आणि तुम्ही लोक नियमापेक्षा परंपरेच्या आठवणी जास्त काढता.

कैवारी: काढतो, कारण त्या परंपरेने एक गोष्ट शिकवली जी वेळापत्रकाने शिकवली नाही. पाच मिनिटांत करायचं काम तीन मिनिटांत सांगितलेलं असतं. ते होणारच नसतं. हुशार मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कळतं की आपण नापास होणार हे ठरलेलं आहे, तरी धावायचं आहे. चौथ्या फेरीला रांगेतली मुलं शहाणी होतात. एकमेकांची बटणं लावतात, सगळे एकदम बाहेर येतात, म्हणजे शेवटचा असा कुणी उरतच नाही.

हे पुढे कुठे उगवतं ते बघा. अरुण खेत्रपाल १३ जून १९७१ ला १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये रुजू झाला आणि १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत गेला. वय २१, नोकरी सहा महिन्यांची. रणगाडा पेटला होता, सोडून बाहेर ये असा हुकूम होता, तो आला नाही. तोफ चालतेय तोवर लढत राहिला. एनडीएतल्या परेड ग्राउंडला त्याचं नाव आहे. या वयाचा मुलगा सहा महिन्यांत असा होत नाही. त्याचं बी आधी कुठेतरी पडलेलं असतं.

शंकेखोर: खेत्रपालपुढे मी मान खाली घालतो. पण त्याच्या शौर्याचं श्रेय तुम्ही पट्टी परेडला कसं देता? ते त्याच्या घराचं असेल, रेजिमेंटचं असेल, त्याचं स्वतःचं असेल. ज्यांना असला रगडा मिळाला आणि जे ऐन वेळी कच खाऊन बसले, त्यांची नावं कुठल्याच मैदानाला नसतात. यशस्वी लोकांना विचारून साधनेची किंमत ठरवायची, ही युक्ती आमच्याकडे स्पर्धा परीक्षांच्या क्लासवाल्यांना चांगली साधते.

शरीराचं बोलूया, तिथे परंपरा चालत नाही. अचानक रोजचं पळणं, आपटणं, ओझं वाढलं की नडगीचं हाड आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं. या मधल्या काळात, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ते सगळ्यात कच्चं असतं. नवशिक्या सैनिकांना नेमकं तेव्हाच स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, आणि जगातल्या बहुतेक सैन्यांना हे दुखणं ठाऊक आहे. इस्रायलच्या पायदळात रंगरुटांना किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चाल कमी केली, तेव्हा ही फ्रॅक्चर बरीच घटली. इस्रायलचं सैन्य काही नाजूक लोकांचं म्हणून प्रसिद्ध नाही. उन्हात एकदम अति व्यायाम झाला तर स्नायू फुटून मूत्रपिंडं बसतात, हेही डॉक्टर सांगतील. या वयातल्या मुलाला आठ-दहा तास झोप लागते. तुम्ही ती अर्ध्यावर आणता आणि सकाळी त्याला वर्गात बसवता. पदवी कुणाची? जेएनयूची! (टीव्हीवर त्या विद्यापीठाच्या नावाने ओरडणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, ही एक गंमत.) वर्गात पेंगणारी मुलं मागे जाऊन उभी राहतात, कारण उभ्याने डुलकी येत नाही असा समज. येते.

कैवारी: येते, मला विचारा. भिंतीला न टेकता येते. हाडाचं तुम्ही म्हणता ते मान्य. ओझं पायरीपायरीने वाढवावं, झोप द्यावी, पाण्याचा हिशेब ठेवावा, यात मला काही गमवायचं नाही. १९५६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पॅरिस आयलंडवर एका सार्जंटने पलटणीला शिस्त लावायची म्हणून रात्री भरतीच्या खाडीत उतरवलं आणि सहा पोरं बुडाली. त्यानंतर तिथल्या मरीन कोअरला प्रशिक्षकांवर देखरेख बसवावी लागली. म्हणून मरीन काही मऊ झाले नाहीत. आपल्याकडेही बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू दिलं, २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी आली, मे २०२५ मध्ये १७ जणी मुलांबरोबर संचलन करून बाहेर पडल्या. ‘परंपरा मोडेल’ म्हणणारे तेव्हाही होते. मोडली नाही.

पण तुम्ही सगळा रगडा एकाच पोत्यात भरताय. ड्रिल उस्ताद वेगळा, सिनियर वेगळा. उस्ताद म्हणजे पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेला हवालदार किंवा सुभेदार. ‘तेज चल’ म्हणताना त्याचा आवाज अर्धा किलोमीटर जातो. तुमच्या चालीचं, तुमच्या बापजाद्यांच्या चालीचं असं वर्णन करतो की रांगेत हसू दाबताना बरगड्या दुखतात. पण चार वर्षांनी हाच मुलगा अधिकारी होणार आणि आपण त्याला सॅल्यूट करणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्याच्या रागात हिशेब चुकता करणं नसतं. त्याला फक्त पुढे आपल्या गावच्या पोरांना घेऊन जाणारा माणूस धड हवा असतो.

शंकेखोर: मग आपलं भांडण संपलंच की. उस्ताद ठेवा, वैद्यकीय अधिकारी ठेवा, सिनियरांच्या हातून फर्स्ट टर्मर, म्हणजे पहिल्या सत्रातली मुलं, काढून घ्या.

कैवारी: हे करून पाहिलेलं आहे. डग्लस मॅकआर्थर १९१९ ते १९२२ वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीचा प्रमुख होता. नव्या मुलांचं सुरुवातीचं प्रशिक्षण त्याने वरच्या वर्गांकडून काढून अधिकाऱ्यांकडे दिलं. तो गेला आणि पुढच्या माणसाने त्यातलं बरंच फिरवलं. का? हट्ट होताच, जुन्या विद्यार्थ्यांचा दबावही होता. पण एक खरं कारण आहे. पाचव्या-सहाव्या टर्मचा मुलगा काय शिकत असतो? हुकूम द्यायला शिकत असतो. वर्ष-दीड वर्षात त्याच्या हाताखाली तीस माणसं येणार, त्यातली काही त्याच्या बापाच्या वयाची. त्यांच्याशी कसं बोलायचं, कधी दाबायचं, कधी सोडायचं, कुणाचं घरी काहीतरी बिनसलंय हे चेहऱ्यावरून कसं ओळखायचं, हे पुस्तकात नाही. त्याला हाताखाली कुणीतरी हवंच.

शंकेखोर: म्हणजे फर्स्ट टर्मर हे सरावाचं सामान. स्पष्ट बोललात, बरं वाटलं. न्हाव्याचा मुलगा पहिली दाढी शेजारच्या म्हाताऱ्याची करतो, तेव्हा निदान म्हातारा फुकटात बसलेला असतो.

(लेखकाला इथे दोघांचाही थोडा राग येतो. एकाने रगडा कधी अंगावर घेतलेला नाही. दुसऱ्याने घेऊन इतकी वर्षं झाली की त्यातलं दुखणं निवलंय आणि किस्सा तेवढा उरलाय.)

शंकेखोर: पण तुम्ही मॅकआर्थर काढलात, तर त्याची पहिली गोष्ट अर्धी ठेवू नका. १८९९ मध्ये तो स्वतः तिथे नवा मुलगा होता. वरच्यांनी त्याला व्यायामाच्या नावाखाली इतकं पिळलं की अंगाला झटके आले. पुढच्या वर्षी ऑस्कर बूझ नावाचा एक माजी कॅडेट वारला. रॅगिंगमध्ये तिखटजाळ सॉस पाजल्यामुळे तो खंगला, असा घरच्यांचा आरोप होता. प्रकरण थेट अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं. १९०१ मध्ये चौकशी समितीपुढे मॅकआर्थरला उभं केलं. त्याने आपल्यावर झालेलं सौम्य करून सांगितलं. जे आधीच अकादमीबाहेर गेले होते किंवा ज्यांची नावं आधीच फुटली होती, त्यांच्यापलीकडे नावं द्यायला तो राजी नव्हता. आणि यासाठी त्याचं कौतुक झालं! वीस वर्षांनी त्याच माणसाला ती पद्धत मोडावीशी वाटली, म्हणजे ती वाईट आहे हे त्याला कळत होतंच. पण वीस-एकवीस वर्षांचा असताना, शपथेवर, त्याने ती झाकली.

माझा खरा आक्षेप इथे आहे. फ्रंट रोल, झोप, शिव्या या गोष्टी मापात आणता येतील. पहिल्या आठवड्यांत जे सगळ्यात खोल जातं ते म्हणजे, ‘आपल्यातलं बाहेर सांगायचं नाही’. त्याला माप नाही.

कैवारी: ते मौन नसतं तर रात्री बूट घेऊन कुणी आलंही नसतं.

शंकेखोर: म्हणजे?

कैवारी: म्हणजे तो मुलगा दिवे मालवल्यावर खोलीबाहेर होता. नियम मोडूनच आला होता. सकाळी ‘काल कोण कुठे होतं’ असं विचारलं गेलं, तर मी काय सांगायचं? कोर्समेट, म्हणजे एकाच तुकडीतला सोबती, या नात्याचा पायाच असा घातलेला असतो. एकाचं चुकलं की सगळ्यांना शिक्षा, म्हणून एकाचं झाकलं की सगळ्यांचं झाकलं जातं. पुढे पंधरा-सोळा हजार फुटांवर एखाद्या ठाण्यात चार-पाच जण महिनोन्‌महिने एका बंकरमध्ये राहतात. तिथे कोण रडलं, कोण घाबरला, कुणी रात्री काय बडबडलं, हे खाली येऊन कुणी सांगत नाही. सांगितलं असतं, तर दुसऱ्या वेळेला त्याच्याबरोबर वर कुणी गेलं नसतं. हे झाकणं तुम्ही गुन्हा समजता. मला त्याशिवाय सैन्य उभं राहिलेलं माहीत नाही.

शंकेखोर: आणि त्याच मुलांना त्याच आठवड्यांत ऑनर कोडही शिकवता. वेस्ट पॉइंटचा तर चार गोष्टींचा आहे: खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, आणि हे करणाऱ्याला खपवून घेणार नाही. पहिल्या तीन प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतात. चौथी अवघड आहे. मुलाला एकाच वेळी सांगायचं की खपवून घेऊ नकोस आणि नाव घेऊ नकोस. तो काय शिकेल? कोड संचलनासाठी आणि मौन जगण्यासाठी, असंच ना? आमच्या मुलांमध्ये असला दुटप्पीपणा यायला निदान नोकरी लागावी लागते.

कैवारी: हा घाव वर्मी लागतो. पण तुमच्याकडे तोड काय? पहिल्या आठवड्यात सिनियरचं नाव घ्यायला शिकवलं, तर चौथ्या आठवड्यात तो कोर्समेटचंही घेईल. आणि खोटं नाव घेणारेही निघतील, कारण रेलिगेशन म्हणजे सहा महिने मागे जाणं, आणि दुसऱ्याला मागे ढकलायला तेवढं पुरतं. मग प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघत झोपेल.

शंकेखोर: तोड माझ्याकडे नाही, पण तुमच्याच रेलिगेशनवरून एक उदाहरण आहे. नडगी सुजलेला मुलगा एमआय रूमला, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, जात नाही, कारण चार आठवडे पीटी बंद झाली की टर्म जाते. तो लंगडतो, तर रांगेतले त्याला मधे घेतात म्हणजे उस्तादाला दिसू नये. दोघे त्याचं सामान वाटून घेतात. हे तुमच्या लेखी सुंदर आहे. माझ्याही आहे. आणि मग ते हाड पूर्ण मोडतं. काही वेळा पाठीचा कणा असतो, डोकं असतं. मुलाला वैद्यकीय कारणावरून घरी पाठवतात. त्याला अजून कमिशन मिळालेलं नसतं, म्हणून तो माजी सैनिक ठरत नाही. अशा मुलांच्या हालाची दखल सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. तोवर त्यांना माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचाही आधार नव्हता. ज्यांनी त्याला रांगेत मधे घेतलं, ते लेफ्टनंट झाले. तो आईच्या हातून जेवतो. तुमच्या मौनाचा फायदा आणि तोटा एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही, हे तरी बघा.

कैवारी: (थांबून) त्या मुलांना सैनिक मानायला हवं, पहिल्या दिवसापासून. एकदा हुकमाने पळायला लावलं की तो तुमचा. याबद्दल मी तुमच्यापुढे एक पाऊल आहे. तो दाखला मी फाडून टाकीन. आणि नडगीचं सांगायलाच हवं. कोर्समेटनेच सांगावं, त्याच्या मनाविरुद्ध सांगावं, आणि ते सांगणं म्हणजे दगा नाही हे उस्तादाने पहिल्या दिवशी, बूट दाखवायच्या आधी सांगावं. शिवाय उपचाराला गेलेल्याची टर्म जाणार नाही अशी काही वाट काढावी, नाहीतर कुणी कुणाचं ऐकणार नाही. हे मी लिहून द्यायला तयार आहे. पट्टी परेडचं मात्र माझं अजून ठरत नाही. एका रात्रीचं लोळणं वर सांगणारा मुलगा मला माझ्या कंपनीत नको वाटतो, आणि ते वाटणं बरोबर आहे की माझंच पहिलं सत्र माझ्या तोंडून बोलतंय, हे मला कळत नाही.

शंकेखोर: आणि नडगी पट्टी परेडमध्येच मोडली असेल तर?